वाटाड्या नसलेल्या वाटेवर : शेठ वालचंद हिराचंद दोशी

व्यापार हा जैन समाजाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय आहे. कापड, धान्य, कापूस, सोने-चांदी व सावकारी या क्षेत्रांत नव्याने पाऊल टाकणाऱ्या जैन तरुणाला मार्गदर्शकाची उणीव सहसा भासत नाही. घरात आजोबा असतात, शेजारच्या पेढीवर मामा असतात, परगावी आडतीचे जुने संबंध असतात. माल कसा पारखावा, उधारी कोणास द्यावी, खतावणी कशी राखावी, याचे संस्कार गादीवर बसण्यापूर्वीच झालेले असतात. परंतु ज्या क्षेत्रात आपल्यापैकी कोणी गेलेलेच नाही, तेथे पहिले पाऊल टाकणाऱ्याने कोणाकडे पाहावे? सोलापूरच्या मातीतून निघून आगगाडी, आगबोट, विमान आणि मोटार या चारही उद्योगांत उतरलेल्या शेठ वालचंद हिराचंद दोशी यांच्या चरित्रात या प्रश्नाचे उत्तर सापडते.

घराणे आणि बालपण

वालचंदांचा जन्म 23 नोव्हेंबर 1882 रोजी सोलापूर येथे एका गुजरातीभाषी दिगंबर जैन कुटुंबात झाला. पूर्वज सौराष्ट्रातील वांकानेरकडचे. कापसाचा व्यापार आणि सावकारी हा घरचा व्यवसाय होता. जन्मानंतर थोड्याच काळात मातृछत्र हरपले. वडील शेठ हिराचंद नेमचंद हे केवळ व्यापारी नव्हते. धर्मग्रंथांचे अभ्यासक आणि समाजसुधारक म्हणून त्यांची ख्याती होती. ‘जैन बोधक’ हे नियतकालिक सुरू करून समाजात वाचन व विचार रुजविण्याचे श्रेय त्यांच्याकडे जाते.

वालचंदांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिक्षण घेतले. मात्र पदवी न घेताच ते व्यवसायात उतरले. घरची पेढी तयार होती. तिच्यावर बसले असते तर एक सधन, प्रतिष्ठित व्यापारी म्हणून त्यांचे आयुष्य सुखात गेले असते. परंतु त्या व्यवसायात त्यांचे मन रमेना.

त्या काळी दुसरा मार्ग निवडणे सोपे नव्हते. श्रावकाने कोणते व्यवसाय टाळावेत, हे सांगताना श्रावकाचारात पंधरा कर्मादानांचा उल्लेख येतो. त्यांत जमीन खोदणे, फोडणे अशा कामांचाही समावेश आहे. त्यामुळे समाजाचा ओढा साहजिकच दुकानदारी व देवघेवीकडे राहिला. अहमदाबादेत काही जैन घराण्यांनी कापडाच्या गिरण्या काढल्या होत्या. परंतु तोही अखेर परिचित कापूस आणि कापडच. डोंगर पोखरून लोहमार्ग टाकणे किंवा समुद्रात आगबोट सोडणे हे सोलापूरच्या व्यापारी पेठेत कोणाच्या ध्यानीमनी नव्हते.

पहिला गुरू समाजाबाहेरचा

अशा वेळी वालचंदांनी जे केले, त्यातच त्यांच्या यशाचे बीज आहे. मार्ग दाखविणारा समाजात नाही म्हणून ते थांबले नाहीत. ज्याला काम ठाऊक आहे अशा माणसाचा हात त्यांनी धरला. रेल्वेत कारकुनी केलेले श्री. लक्ष्मणराव बळवंत फाटक हे ते गृहस्थ होत. फाटकांकडे रेल्वेच्या कामाची माहिती होती. वालचंदांकडे भांडवल उभारण्याची ऐपत आणि घरची पत होती. एकाची विद्या आणि दुसऱ्याची पत यांतून ‘फाटक-वालचंद’ ही भागीदारी उभी राहिली आणि 1903 च्या सुमारास बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून कंत्राटदारीचा आरंभ झाला. ना जातीचा संबंध, ना नात्याचा. केवळ परस्परविश्वासावर चाललेली ही भागीदारी त्या काळात विशेषच म्हटली पाहिजे.

वालचंदांनी अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेले नव्हते. परंतु कामाच्या जागी उभे राहून, जाणकारांना विचारून ते शिकत गेले. पुढे ही कंपनी टाटा कन्स्ट्रक्शनमध्ये विलीन झाली. मुंबई-पुणे लोहमार्गावरील बोरघाटातील बोगदे, तानसा तलावाचे पाणी मुंबईस आणणारी जलवाहिनी, सिंधू नदीवरील कालाबागचा पूल अशी मोठमोठी कामे वालचंदांच्या नेतृत्वाखाली पार पडली.

समुद्रावरील कसोटी

वालचंदांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण अध्याय 1919 मध्ये सुरू झाला. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरील व परदेशी जाणारी बहुतेक वाहतूक तेव्हा इंग्रज कंपन्यांच्या हाती होती. या क्षेत्रात वालचंदांपुढे आदर्श नव्हते असे नाही. परंतु जे होते ते अपयशाचे होते. जमशेटजी टाटांनी पूर्वेकडे आगबोटी सोडल्या, तेव्हा पी. अँड ओ. कंपनीने भाडी उतरवून त्यांना माघार घ्यावयास लावली होती. तुतिकोरिनला व्ही. ओ. चिदंबरम पिळ्ळै यांनी 1906 मध्ये काढलेली स्वदेशी कंपनीही फार काळ टिकली नव्हती. शहाण्या व्यापाऱ्याने यावरून एकच बोध घेतला असता, की या धंद्यात पडू नये.

वालचंदांनी बोध घेतला तो वेगळा. मोठे भांडवल, भक्कम भागीदार आणि तोटा सोसून टिकून राहण्याची तयारी असल्याशिवाय समुद्रावर निभाव लागणार नाही, हे त्यांनी ओळखले. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद, लल्लुभाई सामळदास यांसारख्या मातब्बरांस सोबत घेऊन त्यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची स्थापना केली. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडून ‘लॉयल्टी’ ही आगबोट विकत घेतली. पहिल्या महायुद्धात ती रुग्णालय म्हणून वापरली गेली होती. 5 एप्रिल 1919 रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून इंग्लंडकडे निघाली. त्याच दिवसाच्या स्मरणार्थ 1964 पासून 5 एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

दिवस गौरवाचा असला तरी हिशेबाची बाजू कठीण होती. ‘लॉयल्टी’ 1891 मध्ये बांधलेली, म्हणजे जुनी आगबोट. जहाज पारखण्याची विद्या वडिलोपार्जित नव्हती. कापसाची गाठ हाताने चाचपून पाहावी तसे जहाज पाहता येत नाही. तिच्यापासून अपेक्षित लाभ झाला नाही आणि 1923 मध्ये ती भंगारात निघाली. अनुभवी पूर्वसूरी नसल्याची किंमत अशी रोख मोजावी लागते.

कंपनीने मालवाहू आगबोटी घेऊन किनाऱ्यावरील वाहतूक सुरू केली, तेव्हा लॉर्ड इंचकेप यांच्या अधिपत्याखालील ब्रिटिश इंडिया कंपनीने भाडी झपाट्याने उतरविली. दर फेरीस तोटा होऊ लागला. भागधारक धास्तावले. कंपनी विकून मोकळे व्हावे, असा विचार बळावू लागला आणि समोरून खरेदीची तयारीही होती. विकले असते तर पैसा सुटला असता. परंतु पुढच्या कोणत्याही भारतीयाने समुद्रावर उतरण्याचे धाडस केले नसते. वालचंद विक्रीला राजी झाले नाहीत. अखेर 1923 मध्ये करार झाला. त्यानुसार सिंदियाने आपली जहाजे 75,000 टनांच्या मर्यादेत आणि किनाऱ्यापुरतीच ठेवावयाची होती. हा करार वालचंदांना मनातून सलत राहिला. परंतु कंपनी जगली. 1929 मध्ये नरोत्तम मोरारजी यांच्या निधनानंतर ते कंपनीचे अध्यक्ष झाले आणि 1950 पर्यंत ती धुरा त्यांनी वाहिली.

उद्योगांची मालिका

शेतीतही त्यांनी असेच नवे क्षेत्र निवडले. नाशिक जिल्ह्यातील रावळगाव येथे माळरान लागवडीखाली आणून 1933 मध्ये साखर कारखाना उभारला. पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात कळंब येथे ऊस, साखर व यंत्रनिर्मिती यांभोवती जी वसाहत वाढली, ती वालचंदनगर म्हणून प्रसिद्ध आहे. बंधू गुलाबचंद, रतनचंद व लालचंद यांची या कार्यात मोलाची साथ लाभली.

डिसेंबर 1940 मध्ये म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही विमान कंपनी सुरू झाली. 1941 मध्ये तेथे जोडणी केलेले पहिले विमान तयार झाले. परंतु युद्धाच्या धामधुमीत 1942 मध्ये सरकारने त्यांचा हिस्सा विकत घेतला आणि उभा केलेला कारखाना हातातून गेला. विशाखापट्टणम येथील जहाजबांधणी कारखान्याची पायाभरणी 21 जून 1941 रोजी डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाली. पुढच्याच वर्षी जपानी बॉम्बहल्ल्याने काम विस्कळीत झाले. तरीही 14 मार्च 1948 रोजी तेथे बांधलेले ‘जल उषा’ हे जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले. पुढे हाही कारखाना सरकारच्या ताब्यात गेला. 1944 मध्ये स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समुळे मोटारनिर्मितीतही त्यांचे नाव घेतले जाऊ लागले.

1949 मध्ये पक्षाघाताचा झटका आल्यावर ते हळूहळू कामातून निवृत्त झाले. अखेरच्या आजारात पत्नी कस्तुरबाईंनी त्यांची सेवा केली. 8 एप्रिल 1953 रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांची प्राणज्योत मालवली.

चरित्राचा बोध

वालचंदांचा ताळेबंद मांडला तर जमेइतकीच नावेची बाजूही ठळक दिसते. पहिले जहाज भंगारात गेले, समुद्रावर मर्यादा स्वीकारावी लागली, विमानाचा कारखाना हातचा गेला. परंतु विमाने बनविण्याचे काम बंगळुरात आणि जहाजे बांधण्याचे काम विशाखापट्टणमला पुढेही चालत राहिले. मालकी गेली; काम राहिले. अपरिग्रहाचा संस्कार झालेल्या समाजास हा भेद वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

आज उद्योगात पाऊल टाकणाऱ्या जैन तरुणापुढे वालचंदांचे नाव आहे. परंतु सैन्यदल, शास्त्रीय संशोधन, क्रीडा, नाट्य अशा क्षेत्रांकडे वळू पाहणाऱ्या मुला-मुलींना घरात किंवा गावात तसे उदाहरण सापडेलच असे नाही. आपल्यातले कोणी तिकडे गेले आहे काय, असे विचारून वडीलधारी मंडळी त्यांना पुष्कळदा परत पेढीवर बसवितात. वालचंदांना हा प्रश्न विचारला गेला असता, तर त्याचे उत्तर नकारार्थीच आले असते. त्यांनी गुरू कामाच्या ठिकाणी शोधला, भागीदार गुणांवरून निवडला आणि दुसऱ्यांच्या अपयशालाही शिक्षक मानले. समाजाने अशा मुलांना निदान फाटकांसारख्या एखाद्या जाणकाराशी गाठ घालून द्यावी आणि पहिला तोटा सोसण्याइतका धीर द्यावा. वालचंदांच्या वाट्यास घरची पत आली होती. ती पत आता समाजाने आपल्या मुलांसाठी व्हावी.