झिजलेल्या नाण्यांचे गणित : प्रा. दामोदर कोसंबी

पाली वाङ्मय व बुद्धचरित्र मराठी वाचकांपर्यंत पोहोचविणारे आचार्य धर्मानंद कोसंबी आपणा सर्वांस वंदनीय आहेत. त्यांचे चिरंजीव दामोदर यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. आचार्य हार्वर्ड विद्यापीठात पाली ग्रंथाच्या संपादनाचे कार्य करीत असल्याने दामोदरांचे बरेचसे शिक्षण अमेरिकेत झाले. १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी मिळवून ते मायदेशी परतले. बनारस व अलीगढ येथे अध्यापन केल्यावर १९३३ पासून सुमारे बारा वर्षे त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकविले.

विकलन हा शब्द प्रथम कानी पडताच अनेक विद्यार्थी धास्तावतात. वस्तुतः त्यामागील प्रश्न साधा आहे : एक राशी बदलताना दुसरी कोणत्या दराने बदलते? सरळ रेषेवर हा दर, म्हणजेच चढ, सर्वत्र सारखा असतो. वक्रावर तो बिंदूगणिक बदलतो. म्हणून त्या बिंदूपाशी वक्राला स्पर्श करणाऱ्या रेषेचा चढ काढावा लागतो. तेच विकलन.

कोसंबींनी हा विचार प्राचीन आहत नाण्यांना लावला. हातोहात फिरताना नाणे झिजते. एकेका नाण्याची झीज कमीअधिक असते. परंतु एकाच प्रकारच्या अनेक नाण्यांचे सरासरी वजन वापराच्या काळानुसार जवळजवळ सरळ रेषेत उतरते. समजा, मूळ सरासरी वजन ३.४ ग्रॅम आणि वार्षिक झीज ०.००२ ग्रॅम आहे. तर

वजन = ३.४ − ०.००२ × वर्षे

हे त्या रेषेचे समीकरण. झिजेचा दर हा तिचा चढ. वजन घटत असल्याने तो ऋण. सरासरी वजन ३.२६ ग्रॅम भरले, तर ती नाणी ७० वर्षे चलनात होती असे ठरते. प्रचलित नाणीही तोलून कोसंबींनी ही पद्धत पारखली आणि तक्षशिलेच्या नाण्यांचा कालक्रम लावण्यासाठी ती वापरली. जेथे लेख मूक होते, तेथे तराजू साक्षीला आला.

सरळ रेषेचा चढ बदलत नाही, म्हणून तिचे दुसरे विकलन शून्य असते. या प्राथमिक पाठाच्या कितीतरी पुढे जाऊन, दुसऱ्या विकलनाच्या समीकरणांनी ठरणाऱ्या मार्गांची भूमिती त्यांनी १९३३ मध्ये मांडली. फ्रेंच गणिती एली कार्तां यांनी तिची दखल घेतली.

पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ते १९६२ पर्यंत होते. आपल्या नगरच्या किल्ल्यात बंदिवान असताना पंडित नेहरूंनी लिहिलेल्या ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’चे त्यांनी परखड परीक्षण केले. गणितातील असो वा इतिहासातील, पुराव्यावाचून विधान स्वीकारणे त्यांना मान्य नव्हते. २९ जून १९६६ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

आपल्या मुलामुलींनी विकलनाचे पहिले उदाहरण सोडविताना उत्तरासोबत एवढेही विचारावे : येथे नेमके काय बदलत आहे आणि कोणत्या दराने?