काळ्या रेषांचा शोधक : जोसेफ फ्राउनहोफर

इ. स. १८०१ च्या जानेवारीच्या पहिल्या तारखेस सिसिली बेटांतील पालेर्मो येथें पियाझी नांवाच्या धर्मगुरु-ज्योतिषानें आकाशांत एक नवा लहानसा गोल पाहिला. त्यास सेरेस असें नांव मिळालें. मंगळ व गुरु यांच्या मधील प्रदेशांत सांपडलेल्या लघुग्रहांपैकीं हा पहिला. त्याच वर्षीं २१ जुलै रोजीं म्यूनिक शहरांत एक घर कोसळलें, आणि त्याच्या ढिगाऱ्याखालीं चौदा वर्षांचा एक उमेदवार मुलगा गाडला गेला. या दोन गोष्टींचा कांहीं संबंध असेल, हें तेव्हां कोणाच्या स्वप्नींहि आलें नसतें. तो कसा जुळला, हें आम्ही येथें आमच्या विद्यार्थीमित्रांस सांगणार आहों.

त्या मुलाचें नांव जोसेफ फ्राउनहोफर. त्याचा जन्म ६ मार्च १७८७ रोजीं बव्हेरियांतील स्ट्राउबिंग गांवीं झाला. बाप कांचकाम करणारा. जोसेफ हें त्याचें अकरावें अपत्य. वयाच्या अकराव्या वर्षीं तो आईबापांस पारखा झाला, आणि पालकांनीं त्यास म्यूनिकमधील एका आरसेवाल्याकडे सहा वर्षांच्या करारानें उमेदवारीस ठेविलें. वेतन नाहीं, दिवसभर काम, आणि रविवारच्या शाळेस जाण्याचीहि बंदी!

अशा स्थितींत तें घर पडलें. मालकाची पत्नी मरण पावली. जोसेफ मात्र कांहीं तासांनीं जिवंत निघाला. राज्याचा अधिपति मॅक्सिमिलियन जोसेफ स्वतः तेथें आला होता. त्यानें मुलास १८ डुकॅट बक्षीस दिले, आणि उट्झश्नायडर नांवाच्या उद्योगी गृहस्थानें गणित व प्रकाशशास्त्र यांचीं पुस्तकें पुरविलीं. एवढा पैसा हातीं पडल्यावर दुसऱ्या एखाद्या मुलानें काय केलें असतें, हें आमचे वाचक जाणतातच! जोसेफानें कांच घासण्याचें यंत्र घेतलें, आणि उरल्या पैशांनीं करारांतील शेवटचे महिने भरून देऊन आपली सुटका करून घेतली. पुढें त्यानें भेटपत्रिका कोरण्याचा धंदा काढला. तो बुडाला, व पुन्हां मोलमजुरी नशिबीं आली. परंतु अभ्यास सुटला नाहीं.

१८०६ सालीं उट्झश्नायडरच्या कारखान्यांत त्याचा प्रवेश झाला. लवकरच बेनेडिक्टबॉयर्न येथील एका बंद पडलेल्या मठांत तो दुर्बिणीचीं भिंगें घडवूं लागला. उत्तम भिंग करावयाचें तर कांच प्रत्येक रंगाच्या किरणास किती वांकविते, हें अचूक मोजलें पाहिजे. पण वर्णपटांतील रंग एकमेकांत मिसळून जातात. मोजणी करावयाची ती कोठून?

१८१४ सालीं त्यांनीं अंधाऱ्या खोलींत एका अरुंद फटीतून सूर्यकिरण घेतला, तो लोलकांतून जाऊं दिला, आणि दुर्बिणींतून तो वर्णपट न्याहाळला. रंगांच्या पट्ट्यांत असंख्य काळ्या रेषा! वोलस्टन या इंग्रज शास्त्रज्ञास १८०२ मध्यें अशा थोड्या रेषा दिसल्या होत्या. फ्राउनहोफर यांनीं ५७४ मोजल्या, आणि ठळक रेषांस अक्षरांचीं नांवें दिलीं. उपकरणांत दोष असेल म्हणून त्यांनीं साधनें बदलून पाहिलीं; रेषा जागच्या हालल्या नाहींत. मैलाच्या दगडांसारखा त्यांचा उपयोग करून त्यांनीं आपलीं भिंगें निर्दोष केलीं. मग दुर्बीण शुक्राकडे वळविली. तेथें सूर्याच्याच रेषा. व्याधाच्या ताऱ्यांत मात्र निराळ्या! दोन्ही प्रकाश आपल्याच हवेंतून येत असल्यामुळें हा भेद हवेचा नव्हे, हें उघड झालें.

विद्वत्सभेंत त्यांस मान देण्याची वेळ आली तेव्हां, हे तर विद्यापीठ न पाहिलेले कारागीर, असा आक्षेप निघाला. तरी १८२४ मध्यें राजानें त्यांस सरदारकी दिली, व त्याच वर्षीं त्यांची २४ सेंटिमीटर व्यासाची मोठी दुर्बीण डॉरपाट येथील वेधशाळेस पोंचली. ७ जून १८२६ रोजीं क्षयानें ते वारले. वय अवघें एकोणचाळीस. रेषांचा अर्थ त्यांस कळला नाहीं. किर्खोफ व बुन्सेन यांनीं तो १८५९ मध्यें लाविला : प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठराविक रंगाचे किरण शोषून घेतें.

आतां लघुग्रहांकडे वळूं. त्यांस स्वतःचा प्रकाश नाहीं. शुक्राप्रमाणें तेहि सूर्याचा प्रकाश परत पाठवितात. त्यांतून सूर्याचा वांटा वजा केला म्हणजे कांहीं ठिकाणीं उणीव दिसते. ऑलिव्हीन, पायरॉक्सीन यांसारखीं खनिजें तेथील किरण गिळतात. ही खूण पृथ्वीवर पडलेल्या उल्कापाषाणांशीं ताडून पाहिली असतां लघुग्रह कशाचा घडला आहे व कोणत्या कुळांतला आहे, याचा अदमास बांधतां येतो. पृथ्वीजवळून जाणारे बहुतेक लघुग्रह मंगळ व गुरु यांच्या मधून सरकत आले आहेत.

हा अदमास खरा कशावरून? जपानच्या हायाबुसा यानानें २०१० मध्यें इटोकावा या लघुग्रहाचे कण आणिले. ते वर्णपटानें सुचविलेल्या उल्कापाषाणांशींच जुळले. २०२३ मध्यें अमेरिकेच्या यानानें आणिलेली बेन्नूची माती अपेक्षेप्रमाणेंच कार्बनयुक्त व पाण्याचा अंश असलेली निघाली. एखादा लघुग्रह पुढेंमागें आपल्या वाटेवर आलाच, तर तो कशाचा बनला आहे हें आधीं कळणें किती मोलाचें ठरेल!

विद्यार्थीमित्रहो, फ्राउनहोफर यांस जें उमगलें नाहीं, तेंहि त्यांनीं जसेंच्या तसें, काळजीपूर्वक नोंदून ठेविलें. म्हणूनच पुढील पिढ्यांस तें वाचतां आलें. आपल्या हातचें काम लहान असो वा मोठें, तें असेंच चोख करावें, एवढीच आमची विनंती.