दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (जन्म : डहाणू, १७ जानेवारी १९०५, मृत्यू : १९८६) हे संख्या सिद्धांतात मोलाची भर घालणारे भारतीय गणितज्ञ होते. पदव्युत्तर शिक्षण नसताना, शालेय शिक्षकाची नोकरी सांभाळून त्यांनी हे संशोधन केले.

जीवन

कापरेकर आठ वर्षांचे असताना त्यांच्या आईचे निधन झाले. वडील कारकून होते. त्यांना फलज्योतिषाची आवड होती व त्यातूनच मुलाला आकडेमोडीची गोडी लागली. ठाणे येथील शालेय शिक्षणानंतर कापरेकरांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात प्रवेश घेतला. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले. १९३० ते १९६२ या काळात त्यांनी देवळाली येथे अध्यापन केले. निवृत्तिवेतन अपुरे पडत असल्याने पुढे ते गणित व विज्ञानाच्या शिकवण्या घेत.

डेम्लो संख्या

मुंबईजवळील डोंबिवली स्थानकाचे जुने नाव डेम्लो. तेथे सुचलेल्या संख्यांना कापरेकरांनी तेच नाव दिले. या संख्येचे तीन भाग पडतात. मधल्या भागात एकच अंक एकदा किंवा अनेकदा येतो. डाव्या व उजव्या भागांच्या बेरजेतही केवळ तोच अंक येतो. उदाहरणार्थ, २५५३ मध्ये मधला भाग ५५ असून २ + ३ = ५.

१२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या याचे सुंदर उदाहरण होय. तिच्या मध्यभागी ९ असून १२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९. ही संख्या १११११११११ चा वर्ग आहे. तिच्या अंकांची बेरीज ८१ येते व ८१ ने तिला निःशेष भाग जातो. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनी 'हर्षद', म्हणजे हर्ष देणाऱ्या, असे नाव दिले. त्यामुळे ही संख्या डेम्लो आहे, तशीच हर्षदही आहे.

इतर संशोधन

कापरेकर स्थिरांक : सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घेऊन तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडावेत आणि वजाबाकी करावी. ही कृती पुन्हापुन्हा केल्यास जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ ही संख्या येते. पुढे ती बदलत नाही, कारण ७६४१ − १४६७ = ६१७४.

कापरेकर संख्या : ४५ चा वर्ग २०२५; आणि २० + २५ = ४५.

स्वयंभू संख्या : २१ मध्ये तिचे अंक मिळवल्यास २४ येते, म्हणून २१ ही २४ ची जनक. २० ला असा जनक नाही, म्हणून ती स्वयंभू.

मान्यता

भारतातील अनेक गणितज्ञांनी हे काम क्षुल्लक मानले. कापरेकरांचे बरेचसे लेखन किरकोळ नियतकालिकांत किंवा स्वतः छापलेल्या पुस्तिकांतून प्रसिद्ध झाले. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधील आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा निवृत्तीला तेरा वर्षे झाली होती. त्यानंतर त्यांचे नाव जगभर पोहोचले. ६१७४ ची कृती आज संगणक-आज्ञावली शिकणाऱ्यांना सरावासाठी दिली जाते.