आजाऱ्यांच्या उशाशीं सावित्रीबाई

मुलींच्या शिक्षणासाठीं झटलेल्या सावित्रीबाई फुले यांचें नांव तुम्हांस ठाऊकच आहे. त्यांच्या आयुष्याचा शेवट कसा झाला, हें मात्र थोड्यांसच ठाऊक असतें.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजीं सातारा जिल्ह्यांतील नायगांवीं झाला. १८४० मध्यें जोतीराव फुले यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. पतीनेंच त्यांस अक्षरओळख करून दिली, आणि १८४८ पासून त्या पुण्यास मुलींना शिकवूं लागल्या. लोकांनीं अंगावर शेणचिखल टाकला. पण शाळा सुटली नाहीं. १८६८ मध्यें या दांपत्यानें आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला.

ईश्वर व मनुष्य यांमध्यें मध्यस्थ नको, ही १८७३ मध्यें स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाची शिकवण. २८ नोव्हेंबर १८९० रोजीं जोतीराव वारले, तेव्हां अंत्ययात्रेंत टिटवें सावित्रीबाईंनीं स्वतः धरलें. स्त्रीनें असें करणें त्या काळीं अघटितच होतें.

१८९६ मध्यें मुंबईस प्लेगची साथ सुरू झाली व लौकरच ती पुण्यास पोहोंचली. उंदरांवरील पिसवा हा रोग पसरवितात, हें सिमाँ यांनीं १८९८ मध्यें कराचीस दाखविलें. तोंवर कारण न कळल्यानें भय दुणावलें होतें. घरचें माणूसही आजाऱ्याजवळ जावयास भीत असे. मग निरोगी असतांनाही ज्यास कोणी शिवत नसे, त्याच्या अंतसमयीं जवळ कोण बसणार?

सावित्रीबाई बसल्या. त्यांचे दत्तक पुत्र डॉक्टर यशवंत यांनीं पुण्याबाहेर ससाणे यांच्या मळ्यांत दवाखाना काढला होता. तेथें त्या रोग्यांची शुश्रूषा करीत. खात्रीचें औषध तेव्हां नव्हतें. प्रेमाचा स्पर्श हाच मोठा दिलासा होता. मुंढव्याच्या महारवाड्यांतील पांडुरंग गायकवाड हा मुलगा आजारी पडल्याचें कळतांच ६६ वर्षांच्या सावित्रीबाईंनीं त्यास पाठीवर घेऊन दवाखान्यांत आणलें. तोच रोग त्यांस जडला, आणि १० मार्च १८९७ रोजीं त्यांनीं देह ठेविला.

त्या ख्रिस्ती नव्हत्या. तथापि चांगल्या शोमरोन्याचा दाखला वर्गांत शिकवितांना मला त्यांचें स्मरण होतें. मरणाऱ्यास धीर देण्यापूर्वीं त्याची जात वा धर्म विचारावयाचा नसतो. आपल्या यवतमाळ जिल्ह्यांत कोलामांच्या एखाद्या पोडावर कोणी अखेरच्या दुखण्यांत एकाकी पडलेला असेल. मुलांनो, त्याच्याकडे जा. पालकांनो, त्यांस अडवूं नका, त्यांच्यासवें जा.