*भिश्त्याला भाऊ मानणारे महादजी*

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



ग्वाल्हेर-उज्जैनच्या मंडळींना महादजी शिंदे आम्ही काय नवीन सांगणार! पण घरातल्या मुलांना राणेखान कोण होता, हे विचारून बघा. बहुतेकांना सांगता येणार नाही. म्हणून आज ती गोष्ट.

*१४ जानेवारी १७६१, पानिपत.* मराठी फौज मोडली. शिंद्यांच्या घराने तोवर खूप सोसलं होतं. थोरले बंधू जयाप्पा नागोरला मारले गेले, दत्ताजी वर्षभर आधी बुराडी घाटावर पडले. आता तुकोजी रणात गेले आणि पुतणे जनकोजीही वाचले नाहीत.

महादजी घोडीवरून दक्षिणेकडे निघाले. एका अफगाण स्वाराने पाठलाग करून त्यांना गाठलं, पायावर घाव घातला, लुटलं आणि तसंच टाकून दिलं. त्या वाटेने राणेखान नावाचा भिश्ती, म्हणजे पखालीने पाणी वाहणारा माणूस, चालला होता. त्याचाही जीव धोक्यातच होता. तरी तो थांबला. जखमी महादजींना त्याने बैलावर घातलं आणि दक्षिणेत सुखरूप आणलं. पाय मात्र कायमचा अधू झाला.

पुढे दिवस पालटले. १७७२ साली महादजींनी शाह आलम बादशहाला दिल्लीच्या गादीवर परत आणलं. १७८४ मध्ये बादशहाने पेशव्यांना वकील-ए-मुतलक नेमलं आणि पेशव्यांच्या वतीने तो कारभार महादजींच्या हाती आला. उत्तर हिंदुस्थानात त्यांच्या शब्दाला वजन होतं.

अशा वेळी जुना भिश्ती कोणाला आठवतो? चार मोहरा देऊन वाटेला लावलं असतं, तरी कोणी नाव ठेवलं नसतं. महादजींनी त्याला भाऊ मानलं आणि फौजेत सरदार केलं. कागदोपत्रीही तो राणेखान भाई झाला. १७८८ साली गुलाम कादिरने बादशहाचे डोळे काढले, तेव्हा दिल्ली सोडवायला गेलेल्या मराठी फौजेचा म्होरक्या हाच राणेखान होता!

महादजी गुरुभक्तही होते. बीडचे सूफी संत मन्सूरशाह यांना ते गुरू मानत. भक्तिपर पदंही त्यांनी रचली.

१७९२ मध्ये ते पुण्याला आले. एवढा मोठा सरदार, पण दरबारात सगळ्यांच्या खाली बसला आणि पेशव्यांच्या पायातले जोडे बदलून आपण नवे घातले. काहींना त्यात राजकारण दिसलं. असेलही. पण राणेखानाच्या बाबतीत तसं म्हणता येत नाही. त्या गरीब पाणक्याकडून मिळवायचं तरी काय होतं?

१२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडीला महादजींनी देह ठेवला. तिथे त्यांची छत्री आहे. पुण्याला गेलात तर मुलांना जरूर दाखवा.

उपकार मनात ठेवणं सोपं असतं. पण आपण मोठे झाल्यावर त्या माणसाला चारचौघांत आपला म्हणून शेजारी बसवणं, हे जड जातं. आमचंही तसंच होतं, खोटं कशाला बोलायचं? तेव्हा या गुरुवारी आरती झाल्यावर आपला राणेखान कोण, ते आठवू या. हयात असेल तर त्याला घरी जेवायला बोलावू या.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥ 🌼