ज्ञानोपासक हॅस्केल करी

हॅस्केल ब्रूक्स करी यांचा जन्म १२ सप्टेंबर १९०० रोजी अमेरिकेतील मिलिस या गावी झाला. डॉक्टर होण्याच्या हेतूने ते हार्वर्ड विद्यापीठात दाखल झाले. परंतु गणिताची गोडी लागताच त्यांनी ती वाट सोडली. पुढे त्यांनी विद्युत्शास्त्र व पदार्थविज्ञान यांचाही अभ्यास केला. अखेर त्यांचे मन रमले ते तर्कशास्त्रात.

मोजक्या साध्या क्रिया एकमेकींना जोडून अवघे गणित उभारता येईल काय, याचा त्यांना ध्यास लागला. पाच आणि तीन यांची बेरीज करावयाची आहे, असे समजा. दोन्ही संख्या एकदम घेण्याऐवजी आधी पाच ही एकच संख्या घ्यावी. तिच्यापासून ‘पाच मिळविणे’ ही नवी क्रिया तयार होते. तिला तीन दिले की उत्तर येते आठ!

१९२७ साली करींना कळले, की मोझेस शोनफिंकेल या रशियन पंडिताने अशाच कल्पना १९२४ मध्येच प्रसिद्ध केल्या आहेत. एखादा खट्टू होऊन स्वस्थ बसला असता. करींनी मात्र शोनफिंकेलचे श्रेय मोकळ्या मनाने मान्य केले आणि जर्मनीतील गॉटिंगेन येथे जाऊन तोच विषय पुढे नेला. १९३० साली त्यांना डॉक्टरेट मिळाली.

१९८२ साली त्यांचे निधन झाले. १९९० साली विद्वानांनी संगणकासाठी एक भाषा रचली व तिला ‘हॅस्केल’ हे नाव दिले. लहान लहान क्रिया जोडून मोठे कार्य साधणारी ही भाषा अनेक जण केवळ आनंदासाठी शिकतात. करींनीही ज्ञानाची उपासना अशाच आनंदाने केली होती.