वालचंदांची मोटार आणि तिची चाके

पाथरीच्या रस्त्यावर जुनी फियाट दिसली की मला वालचंद हिराचंद आठवतात. १८८२ मध्ये सोलापुरात जन्मलेल्या या जिद्दी माणसाने रेल्वेची कंत्राटे घेतली, १९१९ मध्ये भागीदारांसह सिंदिया ही जहाज कंपनी काढली आणि १९४० मध्ये म्हैसूर सरकारच्या साथीने बंगळूरला विमानांचा कारखाना उभारला. मोटार कारखान्याला मात्र युद्धकाळात ब्रिटिश सरकारने साथ दिली नाही. वालचंद हटले नाहीत. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन झाली, १९४७ मध्ये कुर्ल्यातून गाड्या निघू लागल्या. १९५३ मध्ये ते गेले. फियाट ११०० घराघरांत परिचित झाली ती त्यांच्या मागे.

आज हौसेने या गाडीला अलॉयची चाके बसवणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे : आधी ड्रम ब्रेक पाहा. चाकाची आतली बाजू ड्रमला घासता कामा नये, बोल्ट भोकात नीट बसले पाहिजेत आणि ड्रमला वारा लागला पाहिजे. ड्रम फार तापला की ब्रेकची पकड सुटते.

मोटार इथेच घडावी म्हणून वालचंद झगडले. तिच्यात बसणाऱ्यांचा जीव जपणे आपल्या हाती आहे.